म्युनिकहून नॉयश्वानस्टाइन, एका दिवसात: तिकिटावरच्या वेळेपासून उलटं मोजत

म्युनिकला शिकत होते त्या दोन वर्षांत मी नॉयश्वानस्टाइनला, जर्मनीत आल्प्सच्या तोंडाशी लुडविग राजाने बांधलेल्या वाड्याला, तीनदा गेले. पहिल्यांदा दारापर्यंत पोचूनही आत जाता आलं नाही. दुसऱ्यांदा आत गेले, पण ज्या पुलावरून जगभरचे लोक फोटो काढतात तो बर्फामुळे बंद होता. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं, कारण तोवर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. या सहलीचा राजा लुडविग नाही, तिकिटावर छापलेली वेळ आहे. आगगाडी, चढण, पूल, डबा खाणं, सगळं तिच्या मागे हात बांधून चालतं. म्हणून हा लेख मी निघण्यापासून नाही, तिकिटापासून सुरू करते.

पण त्याआधी थोडं वाड्याबद्दल. ते कळलं नाही तर वर जाऊन हमखास निराशा होते.

हा गड नाही

पहिल्या खेपेला आमच्यात कोल्हापूरचा एकजण होता, पन्हाळ्यावर हुंदडत मोठा झालेला. वर पोचल्यावर त्याने भिंतीकडेने एक चक्कर मारली आणि वैतागून म्हणाला, "अरे, जंग्या कुठायत? पाण्याचं टाकं कुठाय? हा कसला किल्ला?" त्याचं चुकलं नव्हतं. जर्मन माणूस 'बुर्ग' म्हणतो तो लढाऊ गढीला, 'फेस्टुंग' म्हणतो तो तोफा झेलणाऱ्या बळकट किल्ल्याला आणि 'श्लोस' म्हणतो तो राजवाड्याला. नॉयश्वानस्टाइन हे श्लोस आहे. पायाचा दगड बसला ५ सप्टेंबर १८६९ ला. म्हणजे आपल्या बोरघाटातून आगगाडी धावायला लागली त्यालाही सहा वर्षं झाली होती. भिंती विटांच्या आहेत आणि वरून फिकट चुनखडीच्या दगडाचं अस्तर आहे. वाड्याची पहिली चित्रं कुणा लष्करी स्थापत्यकाराने काढलेली नाहीत, ती काढली क्रिस्टियान यांकने, आणि त्याचा पेशा होता रंगभूमीचे देखावे रंगवण्याचा. हे एकदा लक्षात ठेवलं की वर गेल्यावर डोळे योग्य गोष्टी शोधतात. तुम्ही तटबंदी बघायला नाही, दगडात उभा केलेला नाटकाचा सेट बघायला चाललाय.

बांधणारा लुडविग दुसरा १८६४ साली, अठराव्या वर्षी दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या गादीवर बसला. दोनच वर्षांनी ऑस्ट्रियाच्या बाजूने लढताना प्रशियाकडून मार खाल्ला आणि त्यानंतर त्याच्या हाती खरी सत्ता फारशी उरलीच नाही. मग त्याने डोंगरात स्वतःपुरतं एक राज्य उभारायला घेतलं. सरकारी तिजोरी रिकामी केली असं सर्रास सांगतात, पण पैसा त्याच्या खाजगीतला आणि कर्जाऊ होता. १८८५ पर्यंत कर्ज १ कोटी ४० लाख मार्कांवर गेलं. पुढच्या जूनमध्ये, त्याला न तपासताच वेडा ठरवणारा अहवाल तयार झाला, १२ तारखेला याच वाड्यातून त्याला ताब्यात घेतलं आणि १३ जून १८८६ च्या संध्याकाळी तो आणि अहवाल लिहिणारे डॉक्टर फोन गुडेन दोघंही स्टार्नबर्गच्या तळ्यात मेलेले सापडले. कसे मेले यावर तिथे अजून वाद रंगतात. त्यानंतर सात आठवड्यांत, १ ऑगस्टला, तिकीट लावून वाडा लोकांना खुला झाला. ज्या माणसाला लोकांचं तोंड बघायचं नव्हतं त्याच्या शयनगृहातून तेव्हापासून माणसांची रांग चालली आहे.

आपल्यासाठी आणखी एक गंमत. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात रायगड, राजगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग धरून मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याच अधिवेशनात लुडविगचे वाडेही गेले. कोल्हापूरच्या मित्राला हे कळवलं तेव्हा त्याने एवढंच लिहिलं, "एका पंगतीत कुणाला बसवतील सांगता येत नाही."

पहिलं काम: वाड्याचं तिकीट

आत फक्त मार्गदर्शकासोबत, गटानेच जाता येतं आणि प्रत्येक गटाची वेळ ठरलेली असते. उन्हाळ्यात दिवसाला हजारो माणसं येतात. पायथ्याच्या होहेनश्वांगाऊ गावातल्या तिकीट केंद्रावर त्या दिवसाची तिकिटं मिळतात, पण सकाळी उरली असतील ती. जून ते सप्टेंबर, ऑक्टोबरातली म्युनिकची गर्दी, नाताळच्या सुट्ट्या आणि एकूणच शनिवार-रविवार या दिवसांत खिडकीच्या भरवशावर जाऊ नका. तिकीट केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावरून दोन-तीन आठवडे आधी काढून ठेवा. शोधयंत्रात सगळ्यात वर येतात ते बरेचदा दलाल असतात, तेच तिकीट दुप्पट भावात विकतात. किंमत वीस युरोच्या आसपास असते आणि आगाऊ आरक्षणाचे वर थोडे पैसे पडतात. विद्यार्थ्यांना सवलत आहे, पण जेमतेम युरोभराची, त्यामुळे ओळखपत्र विसरलात म्हणून रडू नका. अठराच्या आतल्यांना फुकट आहे. घरून धाकटी भावंडं येणार असतील तर त्यांचंही शून्य युरोचं तिकीट वेळेसकट काढावं लागतं, हे मात्र विसरू नका.

भाषा निवडताना इंग्रजी घ्या. जर्मन शिकताय म्हणून हौसेने जर्मन गट घेऊ नका. बव्हेरियन उच्चारात भराभर बोललेलं सिंहासनदालनाचं वर्णन बी-वनच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, विद्यार्थ्याच्या डोक्यावरून जातं. स्वानुभव आहे.

आता उलटं मोजा

आमचं पहिल्या खेपेला काय चुकलं ते आधी सांगते. मंगळवार होता. मी पावणेबाराची वेळ घेतली, कारण दुपारी जेवायला मोकळे होऊ असा हिशेब. गाडीचं तिकीट स्वस्तातलं, जे कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच चालतं. म्युनिक ते फ्युसेन, म्हणजे वाड्याजवळचं शेवटचं स्थानक, दोन तास. या दोन वाक्यांतच आम्ही चुकलेले होतो, पण पाचजणांत एकालाही बेरीज करावीशी वाटली नाही. धापा टाकत दारात पोचलो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. यंत्रासमोर तिकीट धरलं, लाल दिवा लागला. शेजारच्या बाईंनी तिकीट बघितलं, घड्याळ बघितलं आणि मान हलवली. पाचजणांचे शंभर युरो तिथेच बुडाले.

तर बेरीज अशी करा. कामाचा दिवस आहे, तुम्ही म्युनिकहून साडेनवाला सुटलात असं धरू. साडेअकराला फ्युसेन. बसची वाट आणि प्रवास मिळून अर्धा तास, म्हणजे बाराला होहेनश्वांगाऊ. तिथून वाड्यापर्यंतची चढण ४० मिनिटं. पुलावर जाऊन, रांगेत उभं राहून, परत यायला आणखी पाऊण तास. झाले जवळजवळ दीड. गाडी उशिरा येणं जर्मनीत नेहमीचं आहे, त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवा. म्हणजे दोनच्या आधीची वेळ घेऊ नका. शनिवार-रविवारी नऊची अट नसते. साडेसातला निघालात तर बारा, साडेबाराची वेळ आरामात गाठता येते.

मला विचाराल तर, गर्दी असली तरी रविवारपेक्षा कामाचाच दिवस बरा, दुपारी अडीचची वेळ घेऊन. सकाळच्या पर्यटक-बसा तोवर परतीला लागलेल्या असतात.

गाडीचं तिकीट

तीन पर्याय आहेत. तुमच्याकडे डॉइचलंड-टिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, असेल तर काहीच करायचं नाही. तो फ्युसेनच्या गाडीलाही चालतो आणि पुढच्या बसलाही. नसेल तर बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरियाभर चालणारा एका दिवसाचा पास, काढा. एका तिकिटावर पाचजण, सोम ते शुक्र सकाळी ९ पासून, शनिवार-रविवार आणि सणावारी मध्यरात्रीपासून, दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ३ पर्यंत. पाचजण भरलात तर माणशी साधारण पंधरा युरो. एकटे असाल तर तेवढं स्वस्त पडत नाही. म्हणूनच शुक्रवारी रात्री भारतीय विद्यार्थ्यांच्या गटांवर "उद्या फ्युसेन, एक जागा आहे" असे निरोप फिरतात. तिसरा पर्याय साधं एकेरी तिकीट. ते सगळ्यात महाग, त्याच्या वाटेला जाऊ नका.

बायर्न-टिकेटवर प्रत्येकाचं नाव लिहावं लागतं. यंत्रातून काढलेल्या कागदावर पेनने लिहायचं, गाडीत चढायच्या आधी. तपासनीस नावं बघतो आणि ओळखपत्रही मागतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली लांबण बसत नाही म्हणून कुणी 'बंड्या' लिहिलं तर तपासनीसाला हसू येत नाही.

हे दोन्ही पास फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतात. झुरिचकडे जाणारी लांब पल्ल्याची ईसी सुरुवातीला त्याच रुळांवरून धावते, रिकामी दिसते, मोह होतो. तिच्यात चढू नका.

पिशवीत काय

वाड्यात मोठी पाठपिशवी नेऊ देत नाहीत. कॉलेजची लॅपटॉपवाली सॅक घरीच ठेवा, छोटी पिशवी पुरे. सामान बरोबर असलंच तर म्युनिक स्थानकावर लॉकर आहेत, तिथे टाका. पासपोर्ट किंवा निवास परवान्याचं कार्ड सोबत ठेवा. फ्युसेन ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून आहे, कागदपत्रांची तपासणी होऊ शकते. सुटे युरो हवेतच: स्वच्छतागृह, घोडागाडी, वरची बस. मे महिन्यातसुद्धा एक गरम कपडा आणि पावसाचं जाकीट घ्या. आल्प्सच्या तोंडाशी ऊन आणि पाऊस एकाच तासात भेटतात.

रविवारी जाणार असाल तर खाणं शनिवारीच आणून ठेवा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात आणि पायथ्याच्या गावात एका पावाचे भाव ऐकून भूक मरते. आम्ही तिसऱ्या खेपेला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी नेली होती. दशम्या दुपारपर्यंत मऊ राहतात, आणि रस्सा सांडण्याची भीती नाही.

सकाळ: स्थानक ते पायथा

म्युनिकचं मुख्य स्थानक म्हणजे मधलं सभागृह आणि दोन बाजूंना दोन पंख. या दिशेच्या गाड्या बऱ्याचदा २७ ते ३६ नंबरच्या फलाटांवरून सुटतात आणि ते बाजूच्या पंखात आहेत. मेट्रोतून वर येऊन तिथवर चालायला पाच-सात मिनिटं जातात, शिवाय स्थानकाचं मोठं बांधकाम चालू असल्याने वाटा वळवलेल्या असतात. वीस मिनिटं आधी पोचा. काही गाड्या थेट फ्युसेनला जातात, काहींना बुखलोए किंवा काउफबॉयरेनला बदलावं लागतं. डब्यावरची पाटी वाचून बसा. बव्हेरियात एका गाडीचे वाटेत दोन भाग होऊन दोन गावांना जाणं ही नवलाई नाही.

आणखी एक शब्द पाठ करा, आदल्या रात्री ॲपमध्ये तो दिसतोय का बघा: 'शीनेनएरझात्सफेरकेर'. म्हणजे रुळांचं काम चालू आहे, मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस. हा शब्द दिसला की बेरजेत तासभर वाढवा.

फ्युसेनला रूळ संपतात. पुढच्या डब्यात बसलेला माणूस बसच्या रांगेत पुढे असतो, कारण गाडीतले जवळजवळ सगळेच त्याच बसला चाललेले असतात. स्थानकाबाहेर ७३ किंवा ७८ नंबरची बस, दहा मिनिटांत होहेनश्वांगाऊ. बसमधून डोंगराकडे लक्ष ठेवा. वाडा आधी हातभर मोठा, खेळण्यासारखा दिसतो.

उतरल्यावर दोन वाडे दिसतात. पिवळा, खालच्या टेकडीवरचा तो होहेनश्वांगाऊ. लुडविगच्या वडिलांनी जुन्या पडक्या गढीवर १८३३ ते १८३७ मध्ये उभारलेला, आणि त्यात लुडविगचं बालपण गेलं. वरचा पांढरा तो आपला. गंमत म्हणजे राजा जिवंत असेपर्यंत त्या वरच्यालाही 'नवा होहेनश्वांगाऊ' असंच म्हणत. नॉयश्वानस्टाइन हे नाव तो गेल्यावर पडलं.

चढण आणि पूल

वर जायच्या तीन तऱ्हा. चालत, डांबरी रस्त्याने दीड किलोमीटर. सिंहगडाच्या पायवाटेची सवय असलेल्याला हा निव्वळ फेरफटका आहे, फक्त खाली बघून चाला, घोड्यांची लीद जागोजाग पडलेली असते. घोडागाडी हौसेची गोष्ट, आणि ती दारापर्यंत जातही नाही, शेवटचा चढ पायीच. तिसरी तऱ्हा बस. ती मारिएनब्रुक पुलाजवळ सोडते आणि तिथून वाड्याकडे दहा-पंधरा मिनिटांचा उतार. आईबाबा भेटायला आलेले असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, तर बसच घ्या आणि परत येताना चालत उतरा. बर्फ पडला की बस बंद होते.

पूल आधी, वाडा नंतर, हा क्रम ठेवा. वाडा बघून झाल्यावर पाय पुन्हा वर वळत नाहीत. पोलाट नावाचा ओढा जिथे खोल घळीतून उडी घेतो तिथे, पाण्यापासून सुमारे ९० मीटर उंचीवर हा पूल आहे. लुडविगच्या वडिलांनी इथे लाकडी पूल बांधवला होता, आताचा लोखंडी १८६६ चा. नाव लुडविगच्या आईचं, मारीचं. पायाखाली फळ्या आहेत आणि माणसं चालली की त्या किंचित दबतात. उंचीची भीती असेल तर कठडा धरून समोर बघा, फळ्यांच्या फटींकडे नको. सगळी माणसं पुलाच्या पहिल्या दहा पावलांतच अडून उभी असतात. "एंटशुल्डिगुंग" म्हणत मध्यापर्यंत सरका, तिथे जागा असते. पलीकडच्या टोकाला कुंपणापलीकडे पायवाटा दिसतात आणि त्यांवरून फोटो चांगला येतो असं कुणीतरी सांगतंच. कुंपण ओलांडू नका. खाली काही नाही.

तुम्ही बघाल तो देखावा राजानेही इथूनच बघितला. त्याच्या मागच्या निळ्या पाण्याकडे मात्र पुन्हा एकदा बघा. ते फोर्गेनझी तळं १९५४ मध्ये लेख नदी अडवून तयार झालं. राजाला तिथे शेतं दिसायची. हिवाळ्यात तळं रिकामं करतात, तेव्हा तिथे नुसता चिखल दिसतो. फोटोत निळं पाणी हवं असेल तर उन्हाळ्यातच जा.

आत: अर्धा तास

आतला फेरा जेमतेम अर्ध्या तासाचा. फोटो काढायला बंदी, आणि ती पाळली जाते. जिने बरेच: चढायला १६५ पायऱ्या, उतरायला १८१. चालायला त्रास असलेल्यांसाठी लिफ्ट आहे, पण आधी कळवावं लागतं.

वेळ इतका थोडा की कुठे बघायचं ते आधी ठरवून जा. सिंहासनदालनात शिरल्यावर सगळ्यांच्या माना वर जातात, झुंबराकडे. मुकुटाच्या आकाराचं ते झुंबर सुमारे ९०० किलोचं आहे. तुम्ही खाली बघा. जमिनीवर बारीक दगडी तुकड्यांचं मोझाइक आहे, त्यात झाडं आणि जनावरं. मग समोरच्या चौथऱ्याकडे. तिथे सिंहासन नाही. ते करायच्या आधीच राजा गेला. आणि ते खांब, जांभळ्या-निळ्या मौल्यवान दगडाचे वाटणारे? ते रंगवलेल्या गिलाव्याचे आहेत, दगडाची नक्कल. यांक देखाव्यांचा माणूस होता हे इथे पुन्हा आठवतं.

शयनगृहातलं लाकडी कोरीवकाम चौदा कारागिरांनी चार वर्षांहून जास्त खपून केलं. पलंगावरच्या छताला मंदिराच्या शिखरांसारखी टोकं आहेत. पण माझी आवडती वस्तू कोपऱ्यातली: हात धुवायच्या भांड्यावर चांदीचा मुलामा दिलेला राजहंस आहे, आणि पाणी त्याच्या चोचीतून यायचं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी वरून नळाने आणलेलं होतं. हंस इथे सगळीकडे भेटतो, पडद्यांवर, कड्यांवर, चित्रांत. जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांनी या राजाला लहानपणीच झपाटलं होतं, त्यातल्या हंसाच्या नावेतून येणाऱ्या लोहेनग्रिन या वीराने तर फारच. भिंतींवरच्या चित्रांतही त्याच कथा आहेत. वाग्नर स्वतः या वाड्यात कधीच आला नाही.

दिवाणखाना आणि अभ्यासिका यांच्यामध्ये एक गुहा आहे. हो, घरात गुहा. लवणस्तंभ कृत्रिम, आणि त्या काळी रंगीत विजेचे दिवे. मार्गदर्शक इथे घाई करतात, कारण जागा चिंचोळी आहे. गटाच्या शेवटी राहिलात तर दोन क्षण जास्त मिळतात.

वरच्या मजल्यावर गायकांचं दालन. राजाच्या हयातीत तिथे एकही मैफल झाली नाही. पहिल्या मैफली १९३३ मध्ये, वाग्नरला जाऊन ५० वर्षं झाली तेव्हा. आणि शेवटी खाली स्वयंपाकघर, ते चुकवू नका. मांस भाजायची सळई चुलीच्या धुराड्यात चढणाऱ्या गरम हवेने आपोआप फिरायची, आणि तयार ताटं छोट्या लिफ्टने तीन मजले वर. मध्ययुगाचं सोंग घेतलेल्या या वाड्यात गरम हवेची उष्णता-व्यवस्था होती, पाण्याने धुतली जाणारी शौचकूपं होती, नोकरांना बोलवायला विजेची घंटी होती, टेलिफोनसुद्धा होता. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी सिंहासनापेक्षा इथेच जास्त वेळ काढलेला मी पाहिलाय.

बऱ्याच खोल्या मात्र अपुऱ्या राहिल्या. फेरा संपल्यावर "एवढंच?" असं प्रत्येकजण म्हणतो. हो, एवढंच. राजालाही इथे सगळे मिळून सहा महिने राहायला मिळालं नाही.

दुपार

डबा खायला वाड्याच्या अंगणात थांबू नका. खाली उतरून आल्पझी तळ्याकाठी जा, बसथांब्यापासून पाच मिनिटं. पाणी इतकं स्वच्छ की काठावरचे दगड तळापर्यंत मोजता येतात. पाय बुडवा, ऑगस्टमध्येही शिरशिरी येते. तळ्याभोवती पायवाट आहे, पूर्ण फेरीला दोन तास धरा. तिथे पर्यटकांतला दहावा हिस्साही येत नाही.

गरम खायचं असेल तर फ्युसेनला परत जाऊन खा, पायथ्यापेक्षा परवडतं. शाकाहारींसाठी या आल्गॉय भागाची केसश्पात्सेन उत्तम: शेवयांच्या जाड, आखूड भावंडांसारखं काहीतरी, भरपूर चीज, वर कुरकुरीत तळलेला कांदा. मागवताना "ओने श्पेक" म्हणा, म्हणजे डुकराचे तुकडे न घालता. चीजमधल्या रेनेटचाही (वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाचाही) विटाळ असेल तर मशरूमच्या रश्शातले पावाचे गोळे, झेमेलक्नोडेल, मागवा. त्यातही अंडं असतंच.

फ्युसेनकडे बहुतेक लोक गाडी पकडायचं ठिकाण म्हणून बघतात. तासभर द्या. तिथला होहेस श्लोस खराखुरा जुना आहे, आणि त्याच्या अंगणातल्या भिंतींवर खिडक्यांच्या चौकटी, कोनाडे चक्क रंगवलेले आहेत. लांबून उठावदार दगड, जवळ गेल्यावर सपाट भिंत. हे गाव तंतुवाद्यांचं. ल्यूट बनवणाऱ्या कारागिरांनी इथे १५६२ मध्ये आपला संघ स्थापला, युरोपातला तो पहिला. आपल्याकडे मिरजेला तंबोरे घडतात तसंच म्हणा. मिरजेहून आलेली आमची एक मैत्रीण तिथल्या वाद्यांच्या एका दुकानाच्या काचेला नाक लावून वीस मिनिटं उभी होती, तिला ओढून न्यावं लागलं.

हिवाळ्यात

थोडक्यात: गर्दी कमी, तिकीट सहज, देखावा सुंदर, आणि पूल व वरची बस बंद असण्याची दाट शक्यता. बूट घसरणारे नकोत. साडेचारलाच काळोख होतो, त्यामुळे शनिवार-रविवारी लवकर निघून बाराची वेळ घ्या.

परत

फ्युसेनहून म्युनिकला साधारण तासाला एक गाडी असते. शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका, तिच्या आधीची धरा. एखादी रद्द झाली तर पुढची हाताशी राहते. होहेनश्वांगाऊहून सुटणाऱ्या बसच्या वेळापत्रकाचा फोटो येतानाच थांब्यावर काढून ठेवा. संध्याकाळी त्या बसा विरळ होतात आणि फ्युसेनपर्यंत चालत जायचं तर तास मोडतो.

गाडीत रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या कचऱ्यात टाकू नका. दुकानातल्या यंत्रात परत दिल्या की एकेकीचे २५ सेंट मिळतात. तिसऱ्या खेपेला आमच्या पाचजणांच्या मिळून नऊ निघाल्या. कोल्हापूरच्याने त्या पिशवीत भरल्या, छातीशी धरल्या आणि काउफबॉयरेन यायच्या आत तो गाढ झोपला.